ग्रंथालय कर्मचाऱ्यांना शिकवायला तयार कसं करायचं: महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी वर्षभराचा आराखडा

प्रवेश उरकले की प्रथम वर्षाच्या मुलांना सभागृहात बसवून ‘ग्रंथालय परिचय’ घेतला जातो. ग्रंथालयाची वेळ, एका कार्डावर किती पुस्तकं, उशीर झाला तर दंड किती, एकूण ग्रंथसंख्या किती, ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकीय सूची कुठे आहे, एन-लिस्ट या ऑनलाइन नियतकालिकं आणि ई-पुस्तकांच्या सेवेचा पासवर्ड कसा मिळतो. सगळं एका दमात. डिसेंबरात हीच मुलं प्रकल्पाच्या विषयाचा कागद घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, ‘मॅडम, यावर काही आहे का?’ सभागृहातलं काहीच त्यांच्या कामी आलेलं नसतं. ज्या दिवशी ते सांगितलं, त्या दिवशी मुलांपुढे त्याची गरज पडेल असं कामच नव्हतं.

आपल्या बाजूनेही एक उणीव आहे. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भर वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, व्यवस्थापन आणि संगणकीकरणावर असतो. ड्यूई दशांश वर्गीकरणाचे वर्गांक, म्हणजे पुस्तकाचे विषयक्रमांक, बांधायचा सराव आपण भरपूर केलेला असतो. तीस मुलांसमोर उभं राहून एक गोष्ट त्यांना जमेपर्यंत शिकवायचा सराव फार थोड्यांना मिळतो. बी.एड.च्या विद्यार्थ्याला सराव पाठ घेतल्याशिवाय पदवी मिळत नाही. आपल्याकडे तशी अट नाही आणि तरीही शिकवण्याची अपेक्षा वर्षागणिक वाढते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीलाच क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीने प्रत्येक संस्थेवर दर सत्रात जागृती कार्यक्रम घेण्याची जबाबदारी टाकली. त्याच वर्षीच्या सेवाविषयक नियमावलीत महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक यांचा सुरुवातीचा वेतनस्तर (अकॅडेमिक लेव्हल) एकच, दहावा, आहे. म्हणजे शिकवणं हा आपल्या नोकरीचाच भाग आहे.

इथे रंगनाथनांची आठवण होते. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत होते. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडणारा माणूस वर्गावरून आला होता, हे आपल्या व्यवसायात पुरेसं बोललं जात नाही.

पुढचा आराखडा मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे: एक ग्रंथपाल, असलाच तर एक सहायक, एखादा लिपिक आणि दोन-तीन परिचर. मोठं विद्यापीठ असेल तर माणसं वाढतील, पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: कोण काय शिकवणार ते कागदावर मांडा

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने 2017 मध्ये शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या सात भूमिका मांडल्या: शिक्षक, पाठाची आखणी करणारा, प्राध्यापकांचा सहकारी, समन्वयक, नेतृत्व करणारा, ग्रंथालयाची बाजू मांडणारा आणि आयुष्यभर शिकत राहणारा. यादी चांगली आहे, पण चार माणसांच्या ग्रंथालयात सातही भूमिका एकदम अंगावर घेतल्या तर एकही धड होणार नाही. पहिल्या वर्षी तीनच घ्या: शिकवणं, आखणी करणं आणि प्राध्यापकांबरोबर काम करणं.

मग एका कोऱ्या कागदावर ग्रंथालयातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. समोर त्याला आज काय नीट समजावता येतं आणि सहा महिन्यांनी काय समजावता यायला हवं, ते लिहा. परिचरांची नावं वगळू नका. रॅकवर पुस्तक कसं शोधायचं हे मुलांना रोज कुणी शिकवत असेल तर ते परिचरच. त्यांना कुणी ‘तुम्ही शिकवता’ असं म्हटलेलं नसतं, एवढंच.

हा कागद माणसांशी बोलून भरा. ‘तुम्हाला काय जमतं?’ असं विचारलं तर संकोचाने उत्तर येत नाही. ‘मुलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात आणि कुठल्या प्रश्नाला तुम्ही अडता?’ असं विचारा. दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवून आलेले प्रश्न जसेच्या तसे, मुलाच्याच शब्दांत, टिपून घेतले तर आणखी चांगलं. प्रशिक्षणात काय घ्यायचं हे ती वहीच सांगेल.

दुसरी पायरी: एका प्राध्यापकाला गाठा

सगळ्या विभागांना परिपत्रक काढू नका. ज्यांच्या विषयात मुलांना खरोखर शोध घेऊन लिहावं लागतं आणि ज्यांना प्रकल्पांचा दर्जा टोचतो, असे एकच सर किंवा मॅडम निवडा. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, पर्यावरण, कुठलाही विषय चालेल. त्यांच्याकडून तीन गोष्टी मागा: मुलांना दिलेल्या कामाचा मूळ कागद, मागच्या वर्षीचे तीन-चार प्रकल्प आणि वेळापत्रकातला एक तास.

जुने प्रकल्प हाती आले की शेवटची पानं आधी उघडा. संदर्भसूचीत काय आहे? नुसते संकेतस्थळांचे पत्ते? एकाच क्रमिक पुस्तकाचा उल्लेख पाच वेळा? विकिपीडियावरचा मजकूर दुसऱ्याच ब्लॉगच्या नावावर? मुलांना काय येत नाही याचा इतका स्वच्छ पुरावा प्रश्नावली वाटून मिळणार नाही. आपल्या कर्मचाऱ्यांसोबत टेबलाभोवती बसून या सूची वाचणं हीच प्रशिक्षणाची पहिली बैठक समजा. तासाभरात सगळ्यांच्या लक्षात येतं की मुलं अडतात ती शब्दांपाशी आणि पारख करण्यापाशी. डेटाबेसचं बटण कुठे आहे, हा प्रश्न फार पुढचा.

एक आग्रह धरा: ग्रंथालयाचा तास प्रकल्पाचे विषय ठरल्यावर आणि लिखाण सुरू होण्याआधी व्हायला हवा. तो आठवडा हुकला तर पुढच्या सत्राची वाट पाहिलेली बरी. आणि प्राध्यापकांनी त्या तासाला वर्गात हजर राहावं असं स्पष्ट सांगा. ‘तुम्ही घ्या, मी जरा ऑफिसला जाऊन येतो’ असं झालं की मुलं त्या तासाला मोकळा तास समजतात.

तिसरी पायरी: पाठ टाचण

पाठ टाचण म्हणजे तासाची लेखी आखणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

शिकवायची सवय नसलेला माणूस ‘मला काय काय माहीत आहे’ यातून तास आखतो. मग शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह), एन-लिस्ट, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, गुगल स्कॉलर, संदर्भशैली, वाङ्मयचौर्य हे सगळं एका तासात कोंबलं जातं. आखणी शेवटाकडून करायची. तास संपल्यावर मुलाच्या हातात काय असेल, ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘प्रत्येक विद्यार्थी आपल्या विषयासाठी सहा शोधशब्द आणि त्यांतून मिळालेले दोन उपयोगी संदर्भ लिहून देईल.’ या वाक्याला ज्याची मदत होत नाही ते टाचणातून काढा. दंडाचा दरही काढा.

एक विषय जवळून बघू. समजा, तृतीय वर्षाच्या मुलीने ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण’ हा विषय घेतला आहे. ती शीर्षक जसंच्या तसं शोधचौकटीत टाकते. बातम्या मिळतात, अभ्यास हाती लागत नाही. आपल्या माणसाने फळ्यावर विषयाचे तीन तुकडे करायचे: कोण, काय, कुठे. मग प्रत्येक तुकड्याखाली वर्गाकडून शब्द काढून घ्यायचे. ‘कोण’खाली ऊसतोड कामगार, ऊसतोडणी मजूर, ऊस तोडणी कामगार, स्थलांतरित मजूर, हंगामी स्थलांतर. बीड किंवा पाथर्डीकडचं पोरगं वर्गात असेल तर ‘कोयता’, ‘मुकादम’, ‘उचल’ हे शब्द तेच देईल आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात हेही सांगेल. ‘काय’खाली शिक्षण, शाळागळती, साखरशाळा, हंगामी वसतिगृह. ‘कुठे’खाली मराठवाडा, बीड, पश्चिम महाराष्ट्र. पलीकडच्या रकान्यात इंग्रजी शब्द: शुगरकेन कटर, केन हार्वेस्टर, सीझनल मायग्रेशन, मायग्रंट चिल्ड्रन, ड्रॉपआउट. ते मुलांना वहीत रोमन लिपीत अचूक स्पेलिंगसह उतरवायला लावा.

या टप्प्यावर घाई करू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी संशोधन मिळत नाही याचं मोठं कारण त्याला इंग्रजी वाचता येत नाही हे नसतं. त्या विषयात अभ्यासक कोणते शब्द वापरतात, हे त्याला कुणी दिलेलंच नसतं. एकदा शब्द हाती आले की मूल मागे हटत नाही. मराठीत शोधताना लेखनभेदही दाखवा: ‘ऊसतोड’ आणि ‘ऊस तोडणी’ संगणकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, ऱ्हस्व-दीर्घ बदललं तरी निकाल बदलू शकतात. आपल्या ओपॅकमध्ये जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतील तर दोन्ही लिप्यांत शोधायला शिकवा. हे फक्त आपल्या ग्रंथालयातल्या माणसालाच माहीत असतं.

आता शोध. शोधगंगेवर प्रबंध, गुगल स्कॉलरवर लेख, ओपॅकवर पुस्तकं, असे तीन गट करा. मुलांना सांगा की शब्दसमूहाला दुहेरी अवतरणचिन्हं लावली की तो समूह सलग शोधला जातो, आणि दोन पर्यायांमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांतलं ‘ऑर’ (OR) टाकलं की दोन्हींचे निकाल एकत्र येतात. एवढे दोनच नियम. तिसरा नियम पुढच्या तासाला.

एखादा प्रबंध मिळाला की त्याची संदर्भसूची उघडून दाखवा. तिथून मागे मागे जात मूल दक्षिण गुजरातेतल्या बारडोली भागातल्या ऊसतोड मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी पूर्वी केलेल्या अभ्यासापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्या गावच्या प्रश्नावर जगात कुणीतरी आधीपासून लिहीत आलं आहे. पुण्याचं साखर आयुक्तालय आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांची नावंही फळ्यावर यावीत, कारण सरकारी अहवाल आणि शासन निर्णय हे मुलांना सुचतच नाहीत.

ग्रंथालयातच तास घेत असाल तर शेवटी मुलांना रॅकपाशी न्या. ड्यूईच्या क्रमांकांनुसार ऊस या पिकावरची पुस्तकं 633.61 ला, पण ऊस तोडणाऱ्या माणसाबद्दलची 331 च्या आसपास श्रमाच्या अर्थशास्त्रात आणि त्याच्या मुलांच्या शाळेबद्दलची 370 च्या पुढे. एकच विषय तीन रॅकवर का पसरलेला असतो, हे पायी चालून जितकं पटतं तितकं स्लाइडवर पटत नाही.

साठ मिनिटांचं टाचण साधारण असं उतरेल: पाच मिनिटं फसलेला शोध दाखवणं, वीस मिनिटं शब्द, वीस मिनिटं मुलांनी स्वतः शोधणं, दहा मिनिटं मिळालेल्यातून निवड, पाच मिनिटं चिठ्ठी लिहिणं. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास असेल तर रॅकची फेरी सोडा आणि शोध व निवड यांतून मिळून बारा मिनिटं कापा. शब्दांची वीस मिनिटं कापू नका. टाचणाच्या समासात एक ओळ लिहून ठेवा: ‘नेट गेलं तर?’ आधी घेतलेले पडद्याचे फोटो आणि दोन छापील सूची सोबत असू द्या.

चौथी पायरी: सराव पाठ

सूक्ष्म अध्यापनाची पद्धत 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षक-प्रशिक्षणासाठी आकाराला आली आणि आपल्याकडच्या बी.एड. महाविद्यालयांत चांगली रुजली आहे. कल्पना सोपी आहे: पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, चार-पाच विद्यार्थी, एकच कौशल्य, लगेच प्रतिसाद आणि मग तोच पाठ पुन्हा. जवळपास अध्यापक महाविद्यालय असेल तर तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना दोन दुपारी बोलवा. निरीक्षण कसं करायचं आणि बोलून कसं दाखवायचं, हे ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणतात.

आठवड्यातून एक दुपार, गर्दी ओसरल्यावर, सराव ठेवा. विद्यार्थी म्हणून आपलेच सहकारी आणि शक्य असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेतली दोन-तीन मुलं बसवा. पुढची कौशल्यं एकेक करून घ्या:

- प्रश्न विचारून थांबणं. नवा माणूस प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो. मनात पाच आकडे मोजायचे, शांतता सहन करायची.
- हात पाठीमागे बांधून शिकवणं. मुलाच्या हातातला माउस न घेता त्याला तोंडी सांगत शोध पूर्ण करून घ्यायचा. हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे, म्हणून याचा सराव सगळ्यात जास्त.
- संज्ञा सोडून बोलणं. ‘मेटाडेटा’, ‘फिल्टर’, ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हे शब्द वापरल्याबरोबर समोर बसलेल्याने हात वर करायचा.
- चुकलेलं उत्तर स्वीकारणं. मुलाने चुकीचा शोधशब्द दिला तर तो पुसायचा नाही, टाकून पाहायचा आणि काय मिळतं ते सगळ्यांनी वाचायचं.

निरीक्षकाने दोनच गोष्टी लिहायच्या: एक जी तशीच ठेवावी आणि एक जी पुढच्या वेळी बदलावी. पाच दोष सांगितले की माणूस मिटून जातो. ग्रंथपालाने स्वतः पहिला सराव पाठ द्यावा आणि परिचरांकडून प्रतिसाद घ्यावा. वरिष्ठाला सांगता आलं की बाकीच्यांची भीड चेपते.

काहींना उभं राहून बोलायची खरीच भीती असते. त्यांना वर्गाच्या मागे फिरून गटांना मदत करण्याचं काम द्या. तेही शिकवणंच आहे आणि वीस मिनिटांच्या शोधाच्या वेळी वर्गाला सगळ्यात जास्त गरज त्याच माणसाची असते.

पाचवी पायरी: वर्गावर, तीन टप्प्यांत

पहिल्या तासाला नवा माणूस फक्त बसून पाहतो आणि लिहितो: मुलं कुठे मोबाइलकडे वळली, कुठल्या सूचनेनंतर शेजाऱ्याला ‘काय म्हणाले?’ असं विचारलं गेलं. दुसऱ्या तासाला एक तुकडा त्याचा, बहुधा शब्द गोळा करण्याचा, कारण तिथे मुलं बोलतात आणि बोलणाऱ्याची भीती लवकर जाते. तिसऱ्या तासाला तो पुढे आणि ग्रंथपाल मागे. मधेच उठून दुरुस्ती करायची नाही. एखादी चूक झाली तर तास संपल्यावर सांगा. मुलांसमोर एकदा अडवलेला माणूस पुन्हा वर्गावर यायला राजी होत नाही.

तास संपल्यावर त्याच दिवशी चहा घेता घेता पंधरा मिनिटं बोला. दुसऱ्या दिवशीपर्यंत बारकावे निसटतात.

काउंटरवरचं शिकवणं

वर्गावर वर्षाला दहा-बारा तास होतील. देवघेवीच्या काउंटरवर रोज शिकवण्याच्या संधी येतात, म्हणून परिचर आणि लिपिक यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या आणि ती संवाद बोलून दाखवत घ्या.

‘काका, ऊसतोडीवर पुस्तक आहे का?’

आज मिळणारं उत्तर: ‘कॉम्प्युटरवर बघ.’ किंवा काका स्वतः उठून पुस्तक आणून देतात. पहिल्याने मूल परत जातं. दुसऱ्याने त्याला पुस्तक मिळतं, पण पुढच्या वेळी ते पुन्हा काकांकडेच येतं. सराव करायचा तो तिसऱ्या उत्तराचा:

‘कशासाठी पाहिजे रे, प्रोजेक्ट का परीक्षा?’
‘प्रोजेक्ट. मुलांच्या शाळेबद्दल.’
‘मग इकडे ये. नुसतं ऊस टाकलंस तर शेतीची पुस्तकं येतील. स्थलांतर टाकून बघ. आला ना नंबर? तो लिहून घे. चल, तुला रॅक दाखवतो, पुस्तक तू काढ.’

सगळं मिळून तीनेक मिनिटं. यात मुलाची गरज विचारणं, शब्द बदलणं, वर्गांक वाचणं आणि काम मुलाच्या हातून करून घेणं, चारही गोष्टी आल्या. अनेक परिचर हे मुळातच फार छान करतात. बैठकीत त्यांनाच करून दाखवायला सांगा. आणि कुठला प्रश्न ग्रंथपालाकडे पाठवायचा याचीही सीमा ठरवून द्या, म्हणजे कुणी संकोचापोटी चुकीचं उत्तर देणार नाही.

पारख शिकवण्याआधी स्वतः पारखा

मिळालेली माहिती विश्वासार्ह आहे का, हे शिकवायला लांबलचक यादी दिली जाते: लेखक कोण, तारीख काय, संकेतस्थळ कुणाचं. याहून नेमकं एक तंत्र आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 पदवी विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळत राहिले, नेटक्या मांडणीला आणि भारदस्त नावाला भुलले. तथ्यतपासनीस मात्र लगेच पान सोडून नव्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायला गेले आणि लवकर योग्य निष्कर्षावर आले. कर्मचाऱ्यांसाठी याचा सराव सोपा आहे: व्हॉट्सॲपवर फिरणारा एक आरोग्यविषयक संदेश घ्या आणि पाच मिनिटांत, मूळ संदेशाबाहेर जाऊन, तो तपासा. स्वतः दोन-चारदा केल्यावरच हे शिकवता येतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही इथेच घ्या. मुलं ती वापरतात, हे धरून चला. मागितले की ही साधनं संदर्भ देतात आणि त्यांत काही वेळा लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, पण तो लेखच अस्तित्वात नाही असं होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या आवडीच्या विषयावर असे दहा संदर्भ मागवून एकेकाचं शीर्षक अवतरणचिन्हांत शोधावं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो उघडून पाहावा. हाच व्यायाम नंतर वर्गात जसाच्या तसा घेता येतो. ‘वापरू नका’ हे सांगून मुलं थांबणार नाहीत. तपासायला शिकवलं तर निदान बनावट संदर्भ प्रकल्पात जाणार नाही.

संशोधकांसाठीचे तास: इथे अद्ययावत राहणं महत्त्वाचं

महाविद्यालयात संशोधन केंद्र असेल तर पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी असलेला ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा अभ्यासक्रम ग्रंथालयासाठी मोठी संधी आहे. यूजीसीने 2019 मध्ये तो आणला: 2 श्रेयांक, 30 तास, 6 घटक. त्यांतले मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार आणि डेटाबेस व संशोधन मापनं हे तीन घटक ग्रंथपालाच्या रोजच्या कामाचे आहेत. ते घ्यायची तयारी दाखवा.

पण पक्कं वाचून जा. वाङ्मयचौर्याच्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे 40 आणि 60 टक्क्यांवर टप्पे बदलतात. योग्य श्रेय देऊन उद्‌धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका वगैरे साम्यातून वगळतात. सामान्य ज्ञानातले किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात. हे बारकावे न सांगता नुसतं ‘दहा टक्क्यांच्या आत आणा’ म्हणणं धोक्याचं आहे. त्यातून मुलं शब्द फिरवायला शिकतात, श्रेय द्यायला शिकत नाहीत. दहा टक्क्यांच्या आतला मजकूरही कुणाचा तरी उचललेला असू शकतो, हे ठासून सांगा.

जुन्या स्लाइड तर दर सत्राला तपासाव्याच लागतात. यूजीसी-केअरची नियतकालिकांची यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. आता नियतकालिक पारखण्यासाठी निकष सुचवलेले आहेत आणि निवड संशोधकाने व संस्थेने करायची आहे. म्हणजे ‘यादीत आहे का ते बघा’ हा धडा संपला आणि ‘संपादक मंडळ, समीक्षण पद्धत, शुल्क कसं तपासायचं’ हा धडा सुरू झाला. दुसरा बदल ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खासगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांनी आपण त्यात येतो का, हे खात्री करूनच मुलांना सांगावं. वर्गात दाखवलेला लेख मुलाच्या लॉगिनवर उघडला नाही तर पुढचं त्याला ऐकवत नाही. म्हणून तासाच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याच्या लॉगिनवरून सगळं उघडून पाहणं, हे एका नेमक्या माणसाचं काम म्हणून वाटून द्या.

मुलं शिकली का, हे कसं कळेल

‘तास आवडला का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठी घ्या. दोन ओळी पुरे: आज नवं काय जमलं आणि अजून काय अडतं. नाव लिहायला सांगू नका. तीस चिठ्ठ्या वाचायला फार वेळ लागत नाही आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यांतून मिळते.

खरा पुरावा मात्र सत्राच्या शेवटी येतो. प्रकल्प जमा झाले की पुन्हा संदर्भसूची काढा आणि मागच्या वर्षीच्या सूचींशेजारी ठेवा. किती मुलांनी निदान एक प्रबंध किंवा संशोधन लेख वापरला? किती जणांनी पूर्ण नोंद केली? किती संदर्भ मुळात सापडतात? हे मोजून एका पानावर लिहा. नॅकच्या मूल्यांकनासाठी ग्रंथालयाबद्दल लिहिताना हे पान कामी येतंच, पण त्याचा पहिला वाचक तो प्राध्यापक असावा ज्यांनी आपल्याला तास दिला. पुढच्या वर्षी ते दोन तास देतील आणि शेजारच्या विभागातले एक सहकारी सोबत आणतील.

वर्षाची मांडणी

जून-जुलैमध्ये काउंटरवरची वही आणि जुन्या सूचींची बैठक. परिचय कार्यक्रम फक्त नियम आणि ग्रंथालयाची फेरी यांपुरता छोटा करा. ऑगस्ट-सप्टेंबरात सराव पाठांच्या दुपारी आणि एका वर्गावरचा पहिला तास. ऑक्टोबर परीक्षांचा, तेव्हा टाचणं दुरुस्त करा. दिवाळीनंतर प्रकल्पांची खरी धावपळ, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तीन-चार वर्ग आणि तिथे नवी माणसं पुढे. मार्च-एप्रिलमध्ये सूचींची मोजणी.

बाहेरच्या प्रशिक्षणालाही माणसं पाठवा: मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांचे उजळणी वर्ग, एन-लिस्ट आणि शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या कार्यशाळा. मात्र जाणाऱ्याने परत आल्यावर आठवड्याभरात त्यातली एक गोष्ट बाकीच्यांना दहा मिनिटांत शिकवायची, अशी रीत पाडा. प्रमाणपत्र फाइलला लागेल, शिकलेलं ग्रंथालयात राहील.

प्रत्येक टाचण, निरीक्षणाचे कागद, चिठ्ठ्यांचा सारांश आणि चाललेले-फसलेले शोधशब्द हे सगळं एका फाइलीत आणि सगळ्यांना उघडता येईल अशा एका फोल्डरमध्ये ठेवा. आपल्याकडे निवृत्त झालेल्यांच्या जागा लवकर भरत नाहीत आणि तासिका तत्त्वावरची, कंत्राटी माणसं बदलत राहतात. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती ही फाइल द्या, ज्याने ती लिहिली त्याच्याशी अर्धा तास बोलायला लावा आणि पुढच्याच तासाला त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवा.